खोडव्याचे ख्रिस्ती

तात्यांनी माळ घातली ती गेल्या कार्तिकीला. त्यांचं नि माझं रान बांधाला बांध लागून, त्यामुळे त्यांनी काय काय सोडलं याचा हिशेब ठेवायला मला लांब जावं लागत नाही. मटण सोडलं, मासे सोडले, अंडं सोडलं. हे माळेच्या नियमातलंच. पण तंबाखूही सोडली, ती कुणी सांगितली नव्हती. चाळीस वर्षं डाव्या तळहातावर उजव्या अंगठ्याने मळलेली तंबाखू! अजूनही बोलता बोलता तात्यांचा अंगठा रिकाम्या तळहातावर फिरतो, मग लक्षात येतं आणि ते हात खाली घेतात.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही दोघं बांधावर लाईटची वाट बघत बसलो होतो. आमच्या राहुरी तालुक्यात मुळेचं पाणी आहे, विहिरी आहेत, मोटरी आहेत. लाईट तेवढी आपल्या सवडीने येते. तात्यांचा अंगठा तळहातावर दोनदा फिरून गेला.

"मास्तर, एक विचारू का? रागवायचं नाही."

"विचारा की."

"आमच्यात माळ घातल्यावर काय सोडायचं ते साऱ्या गावाला ठाऊक असतं. सोडलं नाही तर गावच विचारतं. तुमच्यात तो बाप्तिस्मा घेतल्यावर काय सोडावं लागतं हो?"

मी तीस वर्षं मास्तरकी केली. उत्तर येत नसलं की वाक्य टाळीचं करायचं, ही विद्या त्या धंद्यात आपोआप येते. मी म्हटलं, "तात्या, आमच्यात सोडण्यापेक्षा धरण्याला महत्त्व."

तात्यांनी मान डोलावली. थोडा वेळ गेला.

"असं होय. मग तुम्ही काय धरलंत?"

तेवढ्यात लाईट आली. विजेबद्दल एवढी कृतज्ञता मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी मोटर चालू करायला जो धावलो, तो तात्या घरी जाईपर्यंत विहिरीवरून परतलोच नाही.

पण प्रश्न बांधावरच बसून राहिला. माझा बाप्तिस्मा मी चार महिन्यांचा असताना झाला. त्या सोहळ्यात माझा सहभाग रडण्यापुरता होता, असं आई सांगायची. सोळाव्या वर्षी प्रश्नोत्तरं पाठ करून पाळकसाहेबांसमोर घडाघडा म्हटली आणि मला प्रभुभोजनात घेतलं. पाठांतर चोख होतं. दाखला मिळाला, तो वडिलांनी ट्रंकेत ठेवला. पुढे ट्रंकेतून तो लोखंडी कपाटात गेला, आणि दहा वर्षांपूर्वी मुलाने त्याला लॅमिनेशन करून आणलं. आता त्याला वाळवी लागायची भीती नाही. माझ्या ख्रिस्ती जीवनात दिसून येण्यासारखी प्रगती विचाराल तर एवढी.

माझ्यासारख्यांना काय म्हणावं, ते मला उसाने शिकवलं. ज्यांना ऊस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कांडी किंवा रोप लावून जो पहिला ऊस घेतात ती लागण. तो तोडल्यावर जमिनीत जे बुडखे राहतात त्यांना फुटवे येऊन दुसरं पीक उभं राहतं, तो खोडवा. लागणीला नांगरट लागते, सऱ्या पाडाव्या लागतात, बेणं विकत घ्यावं लागतं, मजूर लागतात. खोडव्याला यातलं काही लागत नाही, तो आपोआप येतो. आणि तो आपोआप येतो, हेच त्याच्या मुळावर येतं. फुकट आलेल्या पिकाकडे शेतकरी बघत नाही. पाचट पेटवून देतो, एक पाणी सोडतो, युरियाची गोणी फेकतो आणि लग्नसराईला लागतो. माझ्या रानात लागणीला एकरी 60 टन पडला तिथे खोडव्याला 38 पडला. राहुरीचं कृषी विद्यापीठ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथले शास्त्रज्ञ मेळाव्यांतून घसा फोडून सांगतात की खोडव्याची निगा लागणीसारखी ठेवा, तो लागणीच्या तोडीस तोड येईल. आम्ही चहा-बिस्किटं घेऊन घरी येतो.

आम्ही नगर जिल्ह्यातले बरेचसे ख्रिस्ती हे खोडव्याचे ख्रिस्ती.

लागण झाली ती 1831 साली. त्या वर्षी अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईहून नगरला आले. 1842 साली त्यांनी इथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. सिंथिया फरार बाईंनी मुलींना शिकवण्यात इथे आयुष्य घालवलं. सावित्रीबाई फुले शिकवायचं कसं हे शिकायला याच फरारबाईंकडे आल्या होत्या. कृष्णराव सांगळ्यांनी झांज-मृदंगासकट ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नांगरट खोल होती, यात शंका नाही.

आमच्या घरची लागण मात्र दुष्काळातली. पणजोबा वेशीबाहेरच्या वाड्यातले. 1877 च्या आगेमागे, माणसं झाडपाला खाऊन दिवस काढत होती तेव्हा ते मिशनच्या ओसरीवर गेले आणि ख्रिस्ती झाले. शाळेत असताना मला मुलं चिडवायची, तुझा पणजोबा ज्वारीसाठी बाटला. मी आजीला विचारलं. ती भाकरी थापत होती, न थांबता म्हणाली, "भुकेल्याने भाकरीमागं जाऊ नये तर कुणामागं जावं? येशूमागं पाच हजार माणसं बसली होती, ती काय पोट भरलेली होती का?" आणि मग भाकरी उलटून, "पण पाऊस पडल्यावर तुझा पणजा परत गेला नाही, हे सांग त्यांना."

मला हे उत्तर अजून पुरतं. पाऊस पडला, ज्वारी आली, मिशनचं वाटप थांबलं, गावाने वाळीत टाकलं, तरी पणजोबा थांबले. पणजी मात्र बाप्तिस्म्यानंतरही पाच-सहा वर्षं म्हसोबाला गुपचूप नारळ देत होती म्हणे. एकदा पाळकबुवांनी पकडलं, तेव्हा तिने खुलासा केला की म्हसोबाशी तिचं भांडण नाही, आणि जुन्या शेजाऱ्याला एकदम तोडणं बरं दिसत नाही. पाळकबुवांनी काय केलं ते घराण्याच्या इतिहासात नाही. म्हसोबाचा नारळ केव्हा बंद झाला तेही नाही. तो एका दिवसात बंद झाला नाही, एवढं नक्की.

उसात तीन हंगाम असतात: सुरू, पूर्वहंगामी आणि आडसाली. सुरू बारा महिन्यांत तुटतो. आडसाली जुलै-ऑगस्टात लावतात आणि तो सोळा-अठरा महिने रान अडवून बसतो. शेजारच्याचे पैसे झालेले असतात, आपला ऊस उभाच. पण वजनात आडसालीचा हात कुणी धरत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी जेव्हा जेव्हा उघडतो तेव्हा मला आडसाली ऊस आठवतो.

नवऱ्याचं, नारायण वामन टिळकांचं, प्रकरण त्या मानाने झटपट. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. रेल्वेच्या डब्यातलं एवढं वेळेवर खरं झालेलं भाकीत माझ्या तरी ऐकिवात नाही.

इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पदरात लहान मूल, नवरा असून नसल्यासारखा, नातेवाइकांचा आधार. पंढरपुरातही दिवस काढले. चारेक वर्षांनी त्या नवऱ्याकडे नगरला आल्या, पण सोवळं बरोबर घेऊन. नवरा ख्रिस्ती, आजूबाजूला सगळी ख्रिस्ती वस्ती आणि त्यात या बाईंची चूल वेगळी, पाणी वेगळं! कुणी मिशनरी असता तर त्याने पहिल्या आठवड्यात पुस्तिका वाटल्या असत्या. टिळकांनी वाट बघितली. त्यांना दुसऱ्या कुठल्याही गोष्टीची वाट बघता येत नसे, हे लक्षात घेता हा चमत्कारच.

आणि मग त्या बाईंनी काय केलं, तर विचार केला. जात देवाने केली की माणसाने, या एका प्रश्नावर त्या स्वतःशी झगडल्या आणि निर्णय झाल्यावर कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. पोटातल्या सगळ्या पिढ्या विरोधात उभ्या असताना तो घोट घशाखाली उतरवणं काय असेल, ते तात्यांचा रिकामा अंगठा बघितल्यापासून मला थोडंफार कळतं. बाप्तिस्मा झाला तो यानंतर, 1900 साली, आमच्या राहुरीत. आधी सोडलं, मग पाणी डोक्यावर घेतलं. आमच्याकडे क्रम उलटा असतो: आधी पाणी घेतो, आणि मग सोडायचं काय हे शेजारच्या माळकऱ्याने विचारेपर्यंत आठवत नाही.

बाप्तिस्म्याच्या पाण्याने डोकं थंड होतं असाही एक समज आहे. टिळकांचं झालं नाही. त्यांचा संताप, त्यांची उधळपट्टी, घरात दाणा नसताना चार पाहुणे घेऊन येणं, हे सगळं बाप्तिस्म्यानंतरही जोरात चालू होतं, आणि लक्ष्मीबाईंनी ते इतक्या खोडकर प्रेमाने लिहून ठेवलं आहे की संतचरित्र लिहिणाऱ्याची पंचाईत व्हावी. मला हा मोठा दिलासा वाटतो. इतकी पदं लिहिणारा माणूस, की आमच्या 'उपासना संगीत'मधून त्यांची काढली तर रविवारी गायचं काय हा प्रश्न पडेल, तो माणूस घरी मात्र चिडायचा आणि नंतर पस्तावायचा. पस्तावणं दर वेळी नव्याने करत असे, एवढंच.

त्यांची खरी गोष्ट पुढेच आहे. बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाली होती. मिशनमध्ये मान होता, पगार होता, नाव महाराष्ट्रभर झालं होतं. या वयात माझ्यासारखा माणूस पेन्शनचे कागद बघतो. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासी झाले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्हीकडचे ख्रिस्तशिष्य यावेत अशी त्यांची कल्पना. दोनच वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात, ते गेले. दरबार फार टिकला नाही. पण दाखला नसलेलाही शिष्य असू शकतो हे टिळकांनी मांडलं, की माझ्या मनात उलटा प्रश्न येतो: दाखला असलेला शिष्य नसू शकतो का? मी लॅमिनेशनवाल्या दाखल्याकडे बघायचं टाळतो.

आमच्या जिल्ह्यात गुरूंची टंचाई कधी नव्हती. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली. शिर्डी आमची, मेहेरबाबांचं अरणगाव आमचं, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला माणसांचा पूर येतो तेही आमच्यातच. टंचाई आहे ती शिष्यांची. राहुरी तालुक्यातच ताहराबाद आहे, संतांची चरित्रं लिहिणाऱ्या महिपतींचं गाव. गंमत बघा, नगरच्याच मिशनपरंपरेतल्या जस्टिन अॅबट यांनी आयुष्याच्या शेवटी शेवटी बसून या महिपतींचा 'भक्तविजय' इंग्रजीत नेला. लोकांना शिकवायला आलेला माणूस उतारवयात वही घेऊन महिपतींसमोर बसला. मला तर यात शिष्यपण दिसतं.

माझ्या मनात नेहमी येतं, महिपतींच्या हाती पेत्र लागायला हवा होता. काय ओव्या उतरल्या असत्या! मासे धरणारा गडी. तोंडाने सगळ्यांच्या पुढे. पाण्यावर चालायला उतरतो आणि लाट बघून ओरडतो. गुरूला धरायला आले तेव्हा तलवार काढून भलत्याचाच कान छाटतो. सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही म्हणतो, आणि त्याच रात्री शेकोटीपाशी एका मोलकरणीने विचारल्यावर, या माणसाला मी ओळखत नाही, असं तीनदा सांगतो. कोंबडा आरवतो. हे सगळं तीन वर्षं गुरूबरोबर राहिल्यावर, नव्याने आलेल्या माणसाचं नव्हे! कुठल्याही मंडळीने त्याला पंच म्हणूनसुद्धा निवडून दिलं नसतं.

कोंबड्यावरून आठवलं. दिवाळीनंतर आमच्याकडे हंगामाचा सण होतो. लोक रानातलं पहिलं पीक वेदीपाशी आणून ठेवतात: बाजरीची कणसं, ऊस, कोहळे, कांदे, डाळिंबं, अंडी, कधी कोंबडी. उपासना झाल्यावर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या पेटीत जातात. गेल्या लिलावात एक गावठी कोंबडा होता. बोली दोनशेपासून सुरू झाली. साडेतीनशेला संपायला हरकत नव्हती, पण समोरच्या बाजूने मंडळीचे एक पंच बोलले. आमचं दोघांचं गेल्या वर्षीपासून कुंपणाच्या खर्चावरून बोलणं बंद आहे. ते चारशे म्हणाले. मी पाचशे. ते सहाशे. लोक खुर्च्या वळवून बसले. शेवटी कोंबडा अकराशेला माझ्या काखेत आला. टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांनी उदार मनाने देणाऱ्यांबद्दल प्रार्थना केली. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते कोंबड्याला आणि मला ठाऊक.

"अकराशेत चार आले असते," घरात शिरताच बायको म्हणाली.

तो कोंबडा कापायचं धैर्य मला झालं नाही. अजून गोठ्याच्या पत्र्यावर असतो. पहाटे चारला आरवतो. एकदा नाही, तीनदा. बायको कूस बदलत म्हणते, "बघा, कोण बोलावतंय तुम्हाला."

तरी कोंबड्याचं ठीक आहे, त्यात हसता तरी येतं. पुढचं सांगताना मला हसू येत नाही.

आमच्या चर्चमध्ये बाकांवर कुणाची नावं नाहीत. पंख्यांवर आहेत. अमक्याच्या स्मरणार्थ तमक्याकडून, असं पात्यांवर लाल रंगात लिहिलेलं. पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही, ही देणाऱ्यांची मोठी अडचण; त्यामुळे थंडी पडली की काही घराण्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. डावीकडच्या तिसऱ्या बाकावरचा पंखा माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ आहे, आणि बाकावर नाव नसलं तरी त्या बाकावर कोण बसतं हे लिहायची गरज कुणाला वाटलेली नाही. आजोबा तिथे बसत, वडील बसत, मी बसतो.

जानेवारीतल्या एका रविवारी मी थोडा उशिरा पोचलो, तर त्या बाकावर एक जोडपं बसलेलं. बाई, तिच्या मांडीवर लहान मूल, आणि शेजारी पंचविशीचा तरणा गडी. पायांवर उसाच्या पात्यांनी चिरल्याच्या बारीक रेघा. ऊसतोडीच्या टोळीतला एक कोयता होता तो. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी असते. दोन माणसं आणि नाव एका हत्याराचं. जालन्याकडचे ख्रिस्ती. कारखाना सफाईसाठी बंद, म्हणून त्यांना रविवार मिळालेला. खोपीतून निघून, चौकशी करत, चार किलोमीटर चालत ते उपासनेला आले होते.

मी मधल्या वाटेत उभा राहिलो. काही बोललो नाही, नुसता उभा राहिलो. मग थोडं खाकरलो. बाकावर अजून तिघं सहज मावली असती. त्या गड्याने माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मूल उचललं आणि दोघं उठून मागे सतरंजीवर जाऊन बसली. मी बसलो. वर वडिलांचा पंखा बंद होता, नाव स्वच्छ दिसत होतं. गाणं लागलं ते टिळकांचंच. मला पुस्तक उघडावं लागत नाही, सगळं पाठ आहे.

चौथ्या दिवशी माझ्या उसाला तोड आली. टोळी रानात उतरली. शेतकरी तोडीच्या वेळी बांधावर उभा राहून एकच मंत्र म्हणतो, "खालून तोडा, बुडातून तोडा." त्याला कारण आहे. उसात साखर खालच्या कांड्यांत जास्त असते. वर चार बोटं राहिलं तरी वजन आणि गोडी दोन्ही रानात राहतात, आणि उंच राहिलेल्या बुडख्यांचा खोडवाही किरटा फुटतो. मीही तोच मंत्र म्हणत सरीने चाललो होतो. एक गडी वाकलेला सरळ झाला, कोयता डाव्या हातात घेतला आणि म्हणाला, "जय ख्रिस्त, मास्तर."

मी "जय ख्रिस्त" म्हटलं.

"परवा चुकून तुमच्या बाकावर बसलो. म्हाईत नव्हतं. माफ करा."

आणि परत वाकून तोडू लागला. बायको मागून मोळी बांधत होती. मूल पाचटाच्या ढिगावर साडीच्या झोळीत निजलं होतं. मला काहीतरी म्हणायचं होतं. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला त्या वेळी टाळीचं सोडा, साधं वाक्यही सुचलं नाही. "चहा पाठवतो," एवढं म्हणालो आणि घराकडे आलो. चहा पाठवला. पुढच्या रविवारी मी लवकर जाऊन बाकाच्या कडेला सरकून बसलो, पण कारखाना चालू झाला होता. ती टोळी मार्चमध्ये निघून गेली.

यंदा मी पाचट पेटवलं नाही. विद्यापीठातले लोक सांगतात तसं सगळं केलं. बुडख्यांवरचं पाचट बाजूला ओढून सरीत दाबलं, कारण बुडख्याला ऊन लागल्याशिवाय फुटवा येत नाही. जे बुडखे उंच राहिले होते ते धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटले. पहारीने वीतभर खोल भोकं पाडून त्यांत खत घातलं; वरून फेकलेलं खत पाचटावरच राहतं, मुळापर्यंत पोचत नाही. हे काम वाकून करावं लागतं आणि ते कुणाला दिसत नाही. जिथे फुटलंच नाही तिथे नांग्या भरायला रोपं आणली. एक गोष्ट लक्षात आली. त्या जोडप्याने तोडलेल्या चार सऱ्यांत छाटायला एकही बुडखा नव्हता. जमिनीला घासून तोड घेतली होती. तिथला फुटवा सगळ्या रानात सरस आहे.

लूकच्या शुभवर्तमानात एक अंजिराचं झाड आहे. तीन वर्षं फळ नाही, म्हणून मालक तोडायला सांगतो. माळी म्हणतो, अजून एक वर्ष द्या, भोवती खणतो, खत घालतो, मग बघू. लहानपणापासून ऐकतोय. पण पहार हातात घेऊन पाठ मोडेपर्यंत कधी त्या माळ्याच्या बाजूने विचार केला नव्हता. आम्हाला त्यातली मालकाची धमकी तेवढी पाठ, माळ्याची पाठदुखी कुणी सांगितली नाही. आणि त्या वर्षाचं पुढे काय झालं, झाडाला अंजीर आलं की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. गोष्ट तिथेच सोडून दिली आहे.

मागच्या आठवड्यात नांग्या भरताना तात्या बांधावर आले. मी कमरेत वाकलेला.

"मास्तर, खोडव्याला एवढी मेहनत? लागण करायची काय नवी?"

"लागण पणजोबांनी केली तात्या. आता हेच बघायचं."

त्यांना ते उसाबद्दल वाटलं. वाटू दे. ते खाली बसले आणि बोटाने माती बाजूला करून दोन रोपं त्यांनीही लावली. मग मी त्यांना त्या रविवारची गोष्ट सांगितली, बाकाची, खाकरण्यासकट सगळी. आजवर कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. तात्यांनी ऐकून घेतली. अंगठा तळहातावर फिरला आणि थांबला.

"तंबाखूपेक्षा अवघड आहे तुमचं," ते म्हणाले.

कुंपणावाल्या पंचांकडे मी अजून गेलेलो नाही. जायचं आहे. कोंबडा रोज आठवण करतो.

आमची उपासना रविवारी साडेआठला असते. कुणी या भागात आलात, ऊसतोडीला, देवदर्शनाला, विद्यापीठात कामाला, कशालाही, तर या. डावीकडचा तिसरा बाक, खिडकीशेजारी. आता उन्हाळा आहे, पंखा चालू असतो; त्यावरचं नाव वाचता येत नाही.